एकटा नट आणि प्रेक्षकांचे मत : 'यादें' (१९६४) व महाराष्ट्रातील एकपात्री परंपरा – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

भारतीय चित्रपटाच्या इतिहासलेखनात निर्माता, दिग्दर्शक, नट आणि संगीतकार यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे प्रेक्षकाला मिळालेले नाही. चित्रपट 'चालला' किंवा 'पडला' या दोन शब्दांत प्रेक्षकांचे मत संपवले जाते. परंतु चित्रपट का चालला नाही, पाहणाऱ्याला त्यात नेमके काय खटकले आणि कालांतराने तेच मत कसे बदलले, हा सामाजिक व सांस्कृतिक इतिहासाचा महत्त्वाचा प्रश्न आहे. रूढ चौकट मोडणाऱ्या कलाकृतीच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो, कारण अशा वेळी प्रेक्षक कलाकृतीबरोबर स्वतःच्या पाहण्याच्या सवयींनाही सामोरा जात असतो.

१९६४ हे वर्ष हिंदी चित्रपटसृष्टीत भव्यतेचे वर्ष होते. राज कपूर यांचा 'संगम' याच वर्षी आला. रंगीत, परदेशात चित्रित केलेला आणि दोन मध्यंतरे असलेला हा चित्रपट प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला. त्याच वर्षी सुनील दत्त यांनी 'यादें' हा कृष्णधवल चित्रपट सादर केला. एक घर, एक रात्र आणि पडद्यावर एकच नट, एवढेच त्याचे भांडवल. जगातील पहिला एकपात्री चित्रपट म्हणून त्याचा गौरव केला गेला, परंतु व्यावसायिकदृष्ट्या तो अपयशी ठरला.

महाराष्ट्राच्या संदर्भात हे अपयश विचार करण्यासारखे आहे. एकट्या कलावंतासमोर तासन् तास बसण्याची सवय मराठी प्रेक्षकाला पिढ्यान् पिढ्या होती. कीर्तनकार एकटा उभा राहून संपूर्ण आख्यान डोळ्यांसमोर उभे करतो. पु. ल. देशपांडे यांनी 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर आणली आणि नाट्यगृहे भरली. मग रंगमंचावर जे रुचले ते पडद्यावर का रुचले नाही? प्रस्तुत शोधनिबंधात या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) 'यादें' या चित्रपटाबद्दल व्यक्त झालेल्या मतांचे निरनिराळे स्तर स्पष्ट करणे.
२) महाराष्ट्रातील एकपात्री सादरीकरणाची परंपरा आणि एकपात्री चित्रपट यांतील साम्यभेद तपासणे.
३) सोलापूरसारख्या बहुभाषिक गिरणगावातील प्रेक्षकाच्या संदर्भात अशा चित्रपटाच्या स्वीकाराचा विचार करणे.

गृहीतक :

प्रेक्षकाने नाकारला तो नटाचा एकटेपणा नव्हे. एकपात्री रंगमंचावर प्रेक्षकाला जे स्थान मिळत होते, ते पडद्यावर मिळाले नाही, हे त्या नकाराचे मुख्य कारण होय.

व्याप्ती व अभ्यासपद्धती :

सदर अभ्यासासाठी ऐतिहासिक व तौलनिक पद्धतीचा अवलंब केला आहे. 'यादें' हा चित्रपट केंद्रस्थानी असून कीर्तन, नाट्यछटा, एकपात्री नाट्यप्रयोग आणि नंतरच्या काळातील एकपात्री चित्रपट हे तुलनेसाठी घेतले आहेत.

१. 'यादें' : निर्मिती व स्वरूप

सुनील दत्त (१९२९–२००५) यांची जडणघडण लक्षात घेतल्याशिवाय या चित्रपटाचे स्वरूप समजत नाही. चित्रपटात येण्यापूर्वी ते रेडिओ सिलोनच्या हिंदी विभागात निवेदक होते. केवळ आवाजाच्या बळावर न दिसणाऱ्या श्रोत्याला बांधून ठेवणे हे त्यांचे पहिले प्रशिक्षण. १९५५ च्या 'रेल्वे प्लॅटफॉर्म'मधून त्यांनी पडद्यावर पदार्पण केले आणि १९५७ च्या 'मदर इंडिया'तील बिरजूने त्यांना घराघरांत पोहोचवले. १९५८ मध्ये त्यांचा नर्गिस यांच्याशी विवाह झाला. त्यांच्या अजंता आर्ट्स या संस्थेचा 'मुझे जीने दो' हा चित्रपट १९६३ मध्ये आला. त्यातील डाकूच्या भूमिकेने ते लोकप्रियतेच्या शिखरावर पोहोचले होते. अशा वेळी त्यांनी दिग्दर्शनातील पहिलाच प्रयत्न म्हणून 'यादें' निवडला.

चित्रपटाचे कथानक अगदी थोडके आहे. अनिल नावाचा गृहस्थ रात्री घरी परततो. घरात पत्नी प्रिया नाही आणि मुलेही नाहीत. ती आपल्याला सोडून गेली असे तो समजतो. रिकाम्या घरात फिरताना त्याला जुने दिवस आठवू लागतात. प्रेम, विवाह, मुलांचे जन्म, भांडणे आणि त्याची स्वतःची चूक हे सारे त्याच्यासमोर उभे राहते. राग, थट्टा, पश्चात्ताप आणि भीती या अवस्थांतून जात तो आत्मनाशाच्या टोकापर्यंत येऊन ठेपतो. अखेरीस पत्नी परतते, मात्र ती केवळ छायाकृतीच्या रूपात दिसते. ही छाया नर्गिस यांची असून कथेचे श्रेयही त्यांच्याकडे जाते.

संवाद अख्तर-उल-ईमान यांचे आहेत. उर्दूतील या श्रेष्ठ कवीला १९६२ मध्ये ज्या काव्यसंग्रहासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, त्याचेही नाव 'यादें'च होते, हा योगायोग नोंद घेण्याजोगा आहे. छायाचित्रण एस. रामचंद्र यांचे आणि संगीत वसंत देसाई यांचे आहे. वसंत देसाई हे नाव सोलापूरकरांना परके नाही. सोलापुरात जन्मलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या जीवनावरील व्ही. शांताराम यांच्या 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' (१९४६) या चित्रपटाचे संगीत त्यांचेच होते. सोलापूरच्या शाहीर रामजोशींवरील 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७) या चित्रपटालाही त्यांनीच संगीत दिले होते. एकट्या नटाच्या भोवतालची रिकामी जागा भरण्याचे काम या चित्रपटात त्यांच्या पार्श्वसंगीताकडे आले.

पडद्यावर न दिसणारी माणसे या चित्रपटात आवाज, सावल्या, चित्रे आणि वस्तू यांतून दाखवली आहेत. पत्नीचा आवाज ऐकू येतो, मुलांची खेळणी जिवंत होतात आणि मेजवानीतील पाहुण्यांच्या जागी फुगे येतात. एका अर्थाने हा चित्रपट म्हणजे दृश्यरूप दिलेले नभोनाट्य होय. निवेदकाच्या खोलीत सुरू झालेली सुनील दत्त यांची वाटचाल येथे पुन्हा एका बंद खोलीत आली, असे म्हणता येईल.

२. तीन निवाडे : तिकीटबारी, पुरस्कार आणि विक्रम

'यादें'बद्दलची मते तीन स्वतंत्र स्तरांवर नोंदली गेली. हे तीन स्तर परस्परांशी जुळत नाहीत आणि त्यांतच या विषयाचे महत्त्व आहे.

पहिला निवाडा तिकीटबारीचा. तो प्रतिकूल होता. 'मुझे जीने दो'मधील बंदूकधारी नायक पाहून आलेल्या प्रेक्षकासमोर या वेळी घरात एकटाच बोलणारा आणि रडणारा पती होता. नायिका, खलनायक, विनोदी पात्र, मारामारी आणि सहगान ही त्या काळच्या हिंदी चित्रपटाची नेहमीची अंगे. ती सर्व एकाच वेळी काढून घेतल्यावर सर्वसामान्य प्रेक्षकाने पाठ फिरवली.

दुसरा निवाडा जाणकारांचा. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत हिंदी चित्रपट म्हणून 'यादें'चा गौरव झाला. फिल्मफेअर पुरस्कारांत एस. रामचंद्र यांच्या छायाचित्रणाची आणि इसा सूरतवाला यांच्या ध्वनीची दखल घेतली गेली. ज्या दोन अंगांनी अनुपस्थित माणसांची उणीव भरून काढली, नेमकी तीच अंगे पुरस्कारपात्र ठरली. जाणकारांनी नटाच्या एकटेपणापेक्षा त्या एकटेपणाच्या भोवती केलेल्या कारागिरीला अधिक मान दिला, असा याचा अर्थ होतो.

तिसरा निवाडा विक्रमाचा. कथाचित्रपटातील कमीत कमी नट या सदरात 'यादें'ची नोंद गिनीज बुकात झाली. विक्रमाची नोंद चित्रपटाला विस्मृतीतून वाचवते हे खरे. परंतु ती त्याचे रूपांतर सामान्यज्ञानाच्या प्रश्नातही करते. 'एकच नट असलेला चित्रपट कोणता?' या प्रश्नाचे उत्तर पुष्कळांना देता येते, पण त्यातील प्रत्यक्ष चित्रपट पाहिलेले फार थोडे असतात.

चित्रपट प्रत्यक्ष पाहणाऱ्याच्या मतांत साधारणतः दोन टोके आढळतात. एका बाजूला प्रयोगाच्या धाडसाचे, ध्वनीचे आणि प्रकाशछायेचे कौतुक असते. दुसऱ्या बाजूला चित्रपट लांबला, अभिनय अंगावर येतो आणि हे चित्रपटापेक्षा नाटकच अधिक वाटते, असे आक्षेप असतात. यांतील शेवटचा आक्षेप इतिहासाच्या अभ्यासकाने विशेष लक्ष देऊन तपासावा असा आहे. ज्या समाजाला नाटकाचे वेड आहे, त्या समाजात 'हे नाटकासारखे आहे' हा दोष का ठरावा?

३. महाराष्ट्रातील एकपात्री परंपरा

या प्रश्नाच्या उत्तरासाठी महाराष्ट्रातील एकट्या कलावंताच्या परंपरेकडे वळावे लागते. या परंपरेचा सर्वांत जुना आणि सर्वांत व्यापक आविष्कार म्हणजे कीर्तन. सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर हे वारकरी कीर्तनाचे माहेरघर. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात तत्त्वनिरूपण आणि उत्तररंगात आख्यान असते. या आख्यानात कीर्तनकार एकाच अंगरख्या-उपरण्यात राजा होतो, क्षणात दासी होतो आणि लगेच पुन्हा निवेदक होतो. सोलापूरचे शाहीर रामजोशी हे लावणी व तमाशाकडून कीर्तनाकडे वळले. रसिकांचा मेळावा आणि भाविकांचा मेळावा या दोहोंना एकट्याच्या वाणीने धरून ठेवण्याचे सामर्थ्य या भूमीत किती जुने आहे, हे त्यावरून ध्यानात येते.

विसाव्या शतकात या परंपरेला नागर वळण लागले. पु. ल. देशपांडे यांचे 'बटाट्याची चाळ' हे पुस्तक १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९६१ पासून त्याचे एकपात्री प्रयोग सुरू झाले. म्हणजे 'यादें'च्या अवघी तीन वर्षे आधी मराठी प्रेक्षक एका नटाच्या मुखातून संपूर्ण चाळ पाहत होता. पुढे १९७९ मध्ये लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' रंगमंचावर आणले. एका नटाने सुमारे तीन तासांत ५२ व्यक्तिरेखा उभ्या करण्याचा हा प्रयोग खेड्यापाड्यांपासून परदेशापर्यंत गाजला आणि त्याचीही नोंद गिनीज बुकात झाली.

येथे एक मार्मिक विरोधाभास दिसतो. दोन्ही कलाकृतींत नट एकच आहे आणि दोन्हींची नोंद विक्रम म्हणून झाली. परंतु 'यादें'ची नोंद 'कमीत कमी' या सदरात झाली, तर 'वऱ्हाड'ची ख्याती 'जास्तीत जास्त' व्यक्तिरेखांसाठी झाली. रंगमंचावरील एकपात्री कलावंत माणसांची भर घालतो, एका देहात गाव वसवतो. 'यादें'मधील नट मात्र शेवटपर्यंत एकच व्यक्ती राहतो. त्याच्या भोवतालची माणसे काढून घेतलेली आहेत आणि ती नाहीत हेच प्रेक्षकाला जाणवावे, अशी योजना आहे. म्हणूनच 'एकपात्री' हा एकच शब्द या दोन्ही प्रकारांसाठी वापरणे काटेकोरपणे पाहता योग्य ठरत नाही. पहिला प्रकार 'एकनटी, बहुपात्री' आहे. दुसरा खऱ्या अर्थाने एकपात्री आहे.

४. प्रेक्षकाची दोन स्थाने

कीर्तन असो वा 'बटाट्याची चाळ', एकटा कलावंत तेथे प्रेक्षकांशी बोलत असतो. कीर्तनात श्रोते विठ्ठलनामाचा गजर करतात, टाळी देतात आणि कीर्तनकार त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून आख्यान लांबवतो किंवा आवरते घेतो. एकपात्री प्रयोगात हशा हाच समोरच्या पात्राचा संवाद असतो. म्हणजे या प्रकारांत कलावंत वस्तुतः एकटा नसतोच. दुसरे पात्र समोर बसलेले असते आणि ते पात्र म्हणजे प्रेक्षक. शिरीष कणेकर यांच्या 'माझी फिल्लमबाजी' या कार्यक्रमात तर चित्रपट पाहणाऱ्याची मते हाच एकपात्री प्रयोगाचा विषय झाला आणि सभागृहातील प्रत्येकाला त्यात आपलेच मत ऐकू आले.

'यादें'मधील अनिल प्रेक्षकाशी बोलत नाही. तो नसलेल्या पत्नीशी, मुलांशी आणि स्वतःशी बोलतो. प्रेक्षक समोरचे पात्र न राहता भिंतीआडून ऐकणारा साक्षीदार होतो. त्याच्या हशाला, हुंकाराला वा टाळीला पडद्यावर उत्तर मिळत नाही. ही उणीव सर्वच चित्रपटांत असते, परंतु बहुपात्री चित्रपटात पात्रे परस्परांना उत्तर देतात आणि प्रेक्षकाची प्रतिसादाची गरज परस्पर भागते. एकपात्री चित्रपटात ती भागवणारे कोणीच उरत नाही. रंगमंचावर जी एकपात्री कला जिव्हाळ्याची वाटते तीच पडद्यावर कोंडल्यासारखी का वाटते, याचे उत्तर येथे सापडते. 'हे नाटक वाटते' या आक्षेपाचा खरा रोख नाटकीपणावर नसावा. नाटकाचा आव असूनही त्यात नाटकातील देवाणघेवाण नाही, हे त्या प्रेक्षकाला जाणवलेले असते.

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. भिंतीआडून ऐकण्याची सवय मराठी माणसाला नव्हती असे म्हणता येत नाही. दिवाकर यांनी १९११ पासून लिहिलेल्या नाट्यछटांमध्ये एकच व्यक्ती बोलते. समोरच्याचे बोलणे ऐकू येत नाही, तर त्याचा अंदाज बोलणाऱ्याच्या उत्तरावरून बांधावा लागतो. ब्राउनिंग या इंग्रज कवीच्या नाट्यात्म स्वगतांची प्रेरणा घेऊन दिवाकरांनी हा प्रकार मराठीत रुजवला आणि शाळा-महाविद्यालयांच्या स्पर्धांतून तो घरोघरी पोहोचला. रचनेच्या दृष्टीने 'यादें'चे मराठीतील सर्वांत जवळचे नाते कीर्तनापेक्षा नाट्यछटेशी आहे.

तथापि हा आक्षेप मूळ मुद्द्याला बाधा आणत नाही, उलट तो अधिक नेमका करतो. नाट्यछटा काही मिनिटांत संपते. बोलणाऱ्याचे ढोंग किंवा दुबळेपणा उघडा पडताच ती थांबते. तेवढा वेळ प्रेक्षक आनंदाने चोरून ऐकतो. 'यादें'ने हीच भूमिका प्रेक्षकाकडून जवळजवळ दोन तास मागितली. तिच्या सोबतीला मिळतील असे विनोदाचे व सुटकेचे प्रसंगही थोडे दिले. पाहणाऱ्याची तक्रार एकटेपणाबद्दल असण्यापेक्षा एकटेपणाच्या लांबीबद्दल होती, असे मानण्यास येथे आधार मिळतो.

५. सोलापूरचा प्रेक्षक आणि भाषेचा प्रश्न

मुंबईबाहेरच्या प्रेक्षकाचा विचार करताना भाषेचा मुद्दा टाळता येत नाही. सोलापूर हे १८७७ मध्ये उभ्या राहिलेल्या 'जुन्या गिरणी'पासून कापड गिरण्यांचे आणि त्याआधीपासून विणकरांचे शहर. येथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी-उर्दू बोलणारी कुटुंबे शेजारी राहतात. पूर्व भागातील पद्मशाली विणकर घरात तेलुगू बोलतात, तर अक्कलकोटकडून आलेल्या अनेक कुटुंबांची घरची भाषा कन्नड आहे. गिरणीच्या पाळ्यांतून सुटणारा कामगार हा येथील चित्रपटगृहांचा फार मोठा आधार होता. या सर्वांना एका छताखाली बसवणारी गोष्ट म्हणजे हिंदी चित्रपट.

परंतु हिंदी चित्रपट सर्वांना समजत होता तो केवळ संवादांमुळे नव्हे. गाण्याची चाल, नृत्य, मारामारी, नायक-खलनायकांची ठरलेली वेशभूषा आणि ओळखीचे प्रसंग यांमुळे भाषेचा अडसर दूर होत असे. एखादे वाक्य कळले नाही तरी कथा निसटत नसे. 'यादें'मध्ये हे सर्व आधार काढून घेतले होते. कथा पुढे जाते ती मुख्यतः बोलण्यातून आणि ते बोलणे एका उर्दू कवीने लिहिलेले आहे. ज्याची हिंदी ही घरची नव्हे तर बाजारातली वा गिरणीतली भाषा होती, त्याच्यासाठी हा चित्रपट अधिक कठीण होणे स्वाभाविक होते. सोलापूरसारख्या शहरात ही अडचण रसिकतेच्या अभावातून आलेली मानणे अन्यायाचे होईल. चित्रपटाच्या रचनेने बहुभाषिक प्रेक्षकासाठी ठेवलेले दरवाजेच कमी होते.

हा मुद्दा विशेष आग्रहाने मांडण्याचे कारण असे की, प्रयोगशील चित्रपटाच्या अपयशाचे खापर बहुधा 'अडाणी' प्रेक्षकाच्या माथी फोडले जाते. पंढरीच्या वाळवंटात एकट्या कीर्तनकाराचे निरूपण तासन् तास ऐकणारा श्रोता आणि चित्रपटगृहातून मध्येच उठून जाणारा प्रेक्षक हे पुष्कळदा एकच असतात. त्याच्या सहनशक्तीत फरक पडलेला नसतो. समोरच्या कलाकृतीत त्याला मिळालेल्या जागेत फरक पडलेला असतो.

६. चेहरा नसलेली पत्नी

एकपात्री चित्रपटाला आणखी एका कसोटीला उतरावे लागते. एकटे कोणाला बोलू दिले जाते, ही ती कसोटी. 'यादें'मध्ये प्रियाचा आवाज आहे, परंतु तो अनिलच्या आठवणीतून येतो. तिने जे म्हटले ते त्याला जसे आठवते तसे प्रेक्षकाला ऐकू येते. चूक करणारा तोच, पश्चात्ताप करणारा तोच आणि स्वतःचा न्यायनिवाडा करणाराही तोच. ती परतते तेव्हाही तिला चेहरा मिळत नाही. तिने क्षमा केली की केवळ मुलांसाठी ती परतली, हे विचारण्याची संधी चित्रपट देत नाही. आजच्या, विशेषतः स्त्री-प्रेक्षकाच्या दृष्टीने हा आक्षेप लांबीच्या आक्षेपापेक्षा अधिक गंभीर आहे.

या आक्षेपाला दुसरी बाजूही आहे. रिकाम्या घरात जोडीदाराची वाट पाहणे, आठवणींनी व्याकूळ होणे, मुलांच्या वस्तूंना कवटाळणे या गोष्टी परंपरेने स्त्रीच्या वाट्याला आलेल्या होत्या. जाँ कॉक्तो यांच्या १९३० च्या एकपात्री फ्रेंच नाटकात प्रियकराने सोडलेली स्त्री दूरध्वनीवर एकटी बोलत राहते आणि १९४८ मध्ये इटालियन दिग्दर्शक रोझेलिनी यांनी ते अ‍ॅना मान्यानी यांना घेऊन पडद्यावर आणले. 'यादें'ने हे स्थान पुरुषाला दिले. रांगड्या भूमिकांनी ओळखला जाणारा लोकप्रिय नायक घराच्या चार भिंतींत आपल्या अपराधाची कबुली देतो, हे १९६४ च्या हिंदी चित्रपटात अपूर्व होते. कथा नर्गिस यांची असल्याने या योजनेमागे स्त्रीची दृष्टी होती, असेही म्हणण्यास जागा आहे.

त्यानंतरच्या पाव शतकात मराठी रंगमंचाने ही उणीव वेगळ्या मार्गाने भरून काढली. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) मध्ये लीला बेणारेचे दीर्घ स्वगत आहे. भोवती माणसे असूनही ती एकटी बोलते आणि कोणीही तिचे ऐकत नाही. १९८९ मध्ये सुषमा देशपांडे यांनी 'व्हय, मी सावित्रीबाई' सादर केले. तेथे एका थोर पुरुषाची पत्नी स्वतःच्या मुखाने, थेट प्रेक्षकांकडे पाहून आपली कहाणी सांगते. 'यादें'मधील छाया आणि रंगमंचावरील सावित्रीबाई यांना शेजारी ठेवले, म्हणजे एकट्या कलावंताच्या कलेत एकटे कोण आहे याइतकाच बोलण्याचा अधिकार कोणाला आहे हा प्रश्नही महत्त्वाचा असल्याचे लक्षात येते.

७. नंतरचे एकपात्री चित्रपट आणि बदललेले पाहणे

'यादें'नंतर हा प्रकार थांबला नाही. अमेरिकेत रॉबर्ट ऑल्टमन यांनी १९८४ मध्ये 'सीक्रेट ऑनर'मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना एका खोलीत एकटे बोलायला लावले. सोलापूरच्या शेजारच्या कन्नड भाषेत बरगूर रामचंद्रप्पा यांनी 'शांति' (२००५) हा एकाच अभिनेत्रीचा चित्रपट केला. २०१० मधील 'बरीड' आणि २०१३ मधील 'लॉक' व 'ऑल इज लॉस्ट' या चित्रपटांनी अनुक्रमे शवपेटी, मोटार आणि समुद्रातील नौका यांत एकट्या नटाला ठेवले. तमिळमध्ये पार्थिबन यांच्या 'ओत्त सेरुप्पु साइझ ७' (२०१९) मध्ये पोलीस चौकशीला सामोरा जाणारा एकच माणूस दिसतो, बाकीच्यांचे केवळ आवाज ऐकू येतात. या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला आणि रसूल पूकुट्टी यांच्या ध्वनिकार्याचाही गौरव झाला. एकट्या नटाबरोबर ध्वनीचा सन्मान व्हावा, ही 'यादें'च्या वेळची गोष्ट पंचावन्न वर्षांनी पुन्हा घडली.

नंतरच्या चित्रपटांनी एक धडा घेतलेला दिसतो. त्यांत नटाच्या एकटेपणाला बाहेरचे सबळ कारण असते. तो अडकलेला असतो, बुडत असतो किंवा त्याची चौकशी चाललेली असते. विक्रमादित्य मोटवाने यांच्या 'ट्रॅप्ड'मध्ये बव्हंशी एकटा दिसणारा नायक मुंबईतील उंच इमारतीच्या सदनिकेत कोंडला जातो. तेथे प्रेक्षकाला 'आता हा सुटणार कसा?' हा प्रश्न मिळतो आणि चोरून ऐकणाऱ्याचा तो सहप्रवासी होतो. 'यादें'मध्ये दार उघडेच होते. नायकाला कोंडणारी गोष्ट त्याच्या मनात होती. म्हणून तो चित्रपट अधिक अवघड आणि त्याच कारणाने अधिक धाडसी ठरतो.

पाहण्याची जागाही बदलली आहे. १९६४ चा प्रेक्षक शेकडो लोकांसह एका सभागृहात बसत होता. शेजाऱ्याची चुळबुळ, शिट्टी वा जांभई यांचा त्याच्या मतावर परिणाम होत होता. आज असे चित्रपट बहुधा घरी, पुष्कळदा एकट्याने आणि लहान पडद्यावर पाहिले जातात. एकटा नट आणि एकटा प्रेक्षक अशी नवी जोडी जमली आहे. २०२० च्या टाळेबंदीत बंद घरातील एकटेपण असंख्य लोकांनी अनुभवले. एकेकाळी कृत्रिम वाटलेली अनिलची रिकाम्या घरातील बडबड अशा प्रेक्षकाला ओळखीची वाटू शकते. चित्रपटात एकही चौकट बदललेली नाही, पाहणारा बदलला आहे.

निष्कर्ष :

१) 'यादें'बद्दलचे मत एकसंध नाही. तिकीटबारी, पुरस्कार आणि विक्रम यांनी तीन निरनिराळे निवाडे दिले. त्यांपैकी कोणत्याही एकाला 'प्रेक्षकांचे मत' म्हणता येत नाही.
२) रंगमंचावरील एकपात्री कलेत प्रेक्षक हा दुसरे पात्र असतो. एकपात्री चित्रपटात तो साक्षीदार बनतो. गृहीतकात मांडल्याप्रमाणे नकाराचे मुख्य कारण या स्थानबदलात आढळते, तर नाट्यछटेच्या उदाहरणावरून लांबी हे त्यास पूरक कारण असल्याचे दिसते.
३) सोलापूरसारख्या बहुभाषिक शहराच्या संदर्भात केवळ संवादांवर उभा असलेला चित्रपट प्रेक्षकांचा मोठा वर्ग दूर ठेवतो. याला रसिकतेचा अभाव म्हणणे इतिहासाला धरून नाही.
४) पत्नीला चेहरा नसणे हा आजच्या दृष्टीने या चित्रपटाचा दोष आहे. तथापि पुरुषाच्या अपराधभावाला त्या काळी पडद्यावर जागा देणे ही त्याची जमेची बाजू आहे.

समारोप :

१९६० च्या दशकात चित्रपटगृहात जाणारी पिढी आज पंच्याहत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. गिरण्या बंद पडल्या आणि एकपडदा चित्रपटगृहेही एकामागून एक काळाच्या पडद्याआड गेली. तेथे बसून पाहणाऱ्यांची मते कोणत्याही पुरस्काराच्या यादीत किंवा विक्रमांच्या पुस्तकात सापडणार नाहीत, ती त्यांच्या स्मरणात आहेत. सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास, मराठी, हिंदी, कन्नड व उर्दू विभागांनी एकत्र येऊन विद्यार्थ्यांमार्फत या आठवणींचे मौखिक संकलन केल्यास चित्रपटाच्या इतिहासात आजवर दुर्लक्षित राहिलेल्या घटकाला वाचा फुटेल. त्याचबरोबर नाट्यछटा शिकवताना 'यादें' दाखवणे आणि 'यादें'ची चर्चा करताना कीर्तनाचा दाखला देणे, हे वर्गात सहज करता येण्याजोगे आहे. पडद्यावर एकटा बोलणारा माणूस विद्यार्थ्यांना रुचेल किंवा रुचणार नाही. परंतु तो का रुचला अथवा का रुचला नाही, हे त्यांना कारणांसह सांगता आले, तर प्रेक्षकाच्या मताला इतिहासाचे साधन म्हणून जे महत्त्व मिळावयास हवे ते मिळू लागेल.